नाडी ओवून होईपर्यंत

बुटांच्या दुकानात दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा कोणता शब्द ऐकू येतो, असं कुणी विचारलं असतं तर टकळीनं लगेच उत्तर दिलं असतं: चालेल.

गिऱ्हाईक बूट पायात घालतं, आरशासमोर उभं राहतं, पाऊल जरा तिरकं करून बघतं आणि म्हणतं, "चालेल." हा शब्द कानावर पडला की टकळीचा हात आपोआप खोक्याकडे जायचा. बूट खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात आणि गिऱ्हाईक दाराबाहेर. बुटाचं कामच चालायचं. गिऱ्हाईकही चालेल म्हणतंय. मग अडलंय कुठं?

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती बोलायला शिकली त्या वर्षी मामीनं ते ठेवलं आणि ते इतकं बेतून शिवल्यासारखं बसलं की खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. शिक्षण झाल्यावर तिनं फोनवरून माल विकायची नोकरी केली, ती सोडली, दुसरी धरली, तीही सोडली. मग मामानं दुकानात बोलावलं. इथं मात्र सकाळी शटर वर करताना तिला बरं वाटायचं. नव्या चामड्याचा वास यायचा, शेजारचा चावीवाला हात वर करायचा, आणि आज कोण येईल याची तिला खरोखर उत्सुकता असायची.

दुकान अरुंद आणि लांबट. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, मधे चालून बघायला गालिच्याचा पट्टा, त्याच्या टोकाला आरसा, मागे पडदा आणि पडद्याआड मालाची खोली. गिऱ्हाइकाला बसायला बाक आणि त्याच्या पुढ्यात मामाचं बुटकं स्टूल. मामा बोलायचा अगदी कमी. मामी म्हणायची, "ह्यांच्या तोंडून एक शब्द हवा असेल तर आधी अर्ज करावा लागतो."

मामाच्या दुकानाचा एक रिवाज होता. नेलेले बूट वापरून बघा, नाही जमले तर आणून द्या, कटकट नाही. परत आलेले जोड आरशाशेजारच्या फळीवर ठेवले जायचे. मामीनं तिचं नाव ठेवलं होतं माहेरची फळी. दुपारी डबा घेऊन आली की ती आधी तिकडे बघायची. पूर्वी त्या फळीवर एखादा जोड असायचा, तोही चार दिवसांत दुसरं स्थळ मिळून जायचा. टकळी आल्यापासून फळीवर बोट ठेवायला जागा उरली नव्हती.

"आज कोण कोण आलंय माहेरपणाला?" मामीनं डबा उघडता उघडता विचारलं.

"हसू नकोस गं मामी. ते लोक स्वतःच्या तोंडानं चालेल म्हणतात. मी काय जबरदस्ती करते?"

"चालेल मीही म्हटलं होतं. तुझ्या मामाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा. अजून चालवून घेतेय."

मामा मान खाली घालून जेवत होता. "मीही," तो म्हणाला.

त्या दिवशी मामी नुसती थट्टा करायला आली नव्हती. मामाच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. त्यानंतर काही आठवडे वाकायचं नाही आणि धुळीत जायचं नाही. बुटांच्या दुकानात दुसरं असतं काय?

"तेवढे दिवस दुकान बंद ठेवू," मामी म्हणाली.

"बंद?" टकळीचा घास हातातच राहिला. "मामी, समोरच्या चौकात ते नवीन झगझगीत दुकान उघडलंय. माणसं एकदा तिकडे वळली की परत यायची नाहीत. मी आहे ना. मी चालवते."

"तू चालवशील गं. पण फळी बघ. डोळा बरा होऊन हे परत येतील तेव्हा सगळं दुकानच माहेरी आलेलं असेल."

टकळीनं मामाकडे पाहिलं. मामा पाणी प्यायला, मग त्यानं भांडं खाली ठेवलं.

"बघू," तो म्हणाला.

"बघू म्हणजे हो की नाही?"

"तेच तर तुला ओळखता आलं पाहिजे."

टकळीनं हातात राहिलेला घास तोंडात टाकला.

---

त्याच आठवड्यात सिस्टर आल्या. पलीकडच्या रस्त्यावरच्या इस्पितळात त्या परिचारिका होत्या. ड्युटी संपवून तशाच आल्या होत्या, केस चापून बसवलेले आणि डोळ्यांखाली थकवा.

"पांढरे बूट दाखवता का? वॉर्डात घालायचेत. तिथं जरा..."

"कळलं मला," टकळी म्हणाली. "दिवसभर उभं राहायचं, धावपळ करायची, पायाला आराम हवा. तुमच्यासाठीच आलेत जणू हे. आत गादी आहे बघा, दाबून बघा. टाच उचलून धरतात. पाण्यानं डाग जातात. घाला, चालून तर बघा."

सिस्टर गालिच्यावरून आरशापर्यंत गेल्या आणि परत आल्या. काहीतरी ऐकत असल्यासारख्या थांबल्या. मग म्हणाल्या, "चालेल."

काही दिवसांनी त्या बूट घेऊन परत आल्या. "पाय भरून येतात हो यांनी."

"म्हणजे घट्ट होतायत," टकळी म्हणाली आणि तिनं एक माप मोठा जोड काढला. बोलता बोलता तिनं तो चढवला, अंगठ्याशी दाबून पाहिलं, पायांना सूज का येते हेही सांगितलं. सिस्टरना ते तिच्यापेक्षा बरंच जास्त माहीत असणार हे तिच्या लक्षात आलं नाही. सिस्टर पुन्हा म्हणाल्या, "चालेल."

तोही जोड परत आला. या वेळी मामा दुकानात होता. त्यानं बूट हातात घेऊन उलटे करून पाहिले. टकळी तिसरं खोकं काढायला शिडीवर चढली होती, तेवढ्यात सिस्टर हसून म्हणाल्या, "राहू दे आता. येते हं." आणि गेल्या.

येते म्हणून जाणाऱ्या माणसांपैकी कितीजण खरोखर येतात, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असतं. टकळी शिडीवरच बसली.

"मी सगळं सांगितलं त्यांना, मामा. काही म्हणजे काही सांगायचं ठेवलं नाही."

"त्यांनी काय सांगितलं?"

"पाय भरून येतात म्हणाल्या."

"त्याआधी? पहिल्या दिवशी?"

टकळीनं आठवून पाहिलं. "म्हणाल्या, वॉर्डात घालायचेत, तिथं जरा..."

"जरा काय?"

"पुढचं मी बोलले."

"तू काय बोललीस ते कळलं," मामा शांतपणे म्हणाला. "त्यांना काय बोलायचं होतं?"

मग त्यानं माहेरच्या फळीकडे बोट केलं आणि एकेक जोड दाखवत विचारलं, हे का आले, ते का आले. टकळीला फक्त एका जोडाचं सांगता आलं. नाच शिकवणाऱ्या बाईंनी ते पांढरे मऊ बूट परत केले होते, कारण त्यांच्या सोलचा जमिनीवर आवाजच होत नव्हता आणि मुलींना पायांचा ठेका ऐकू जात नव्हता. ती तक्रार इतकी गमतीची वाटली होती म्हणून लक्षात राहिली. बाकीच्यांची कारणं तिनं विचारली नव्हती. नवीन जोड काढण्याची घाई होती ना.

---

टकळी आळशी नव्हती, आणि रुसून बसण्याचाही तिचा स्वभाव नव्हता. मामाच्या शस्त्रक्रियेआधी काहीतरी सुधारून दाखवायचं तिनं मनावर घेतलं. दुकानात काय चुकतंय याचा विचार करताना तिला एक गोष्ट सापडली. तिच्या मते ती फार मोठी होती.

सगळ्या जगात बूट नाडी ओवून खोक्यात ठेवतात. मामाच्या दुकानात नाडी वेगळी असायची. कारखान्यातून ओवून आलेली नाडीसुद्धा मामा काढून ठेवायचा. गिऱ्हाइकानं जोड निवडला की स्टुलावर बसून तो ती सावकाश ओवायचा, एका भोकातून दुसऱ्या भोकात, दोन्ही टोकं सारखी करत. गिऱ्हाईक बसून असायचं. वेळ जायचा. टकळी आल्यापासून नाड्या भराभर ओवायची, आणि ओवताना तोंड चालूच असायचं.

एका दुपारी मामा तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेला होता. तेवढ्या वेळात टकळीनं दुकानातल्या झाडून सगळ्या बुटांच्या नाड्या ओवून टाकल्या. बोटं लाल झाली. मामा आला तेव्हा ती अभिमानानं उभी होती.

"आता गिऱ्हाइकाला एक क्षण ताटकळायला नको."

मामानं एक खोकं उघडलं, दुसरं उघडलं. टकळीला वाटलं, आता शाबासकी मिळणार. मामा स्टुलावर बसला आणि पहिल्या बुटाची नाडी काढू लागला.

"मामा?"

"बस. ये. तूही काढ."

दोघं समोरासमोर बसून नाड्या काढू लागली. बराच वेळ कुणी बोललं नाही. म्हणजे मामा बोलला नाही आणि टकळीला बोलायची भीती वाटली. खोक्यांमागून खोकी झाली. शेवटी तिला राहवलं नाही.

"मला ना, खरं सांगू का, त्या सिस्टरांचं फार लागून राहिलंय," ती म्हणाली. "त्या चांगल्या होत्या. रागावल्यासुद्धा नाहीत. आणि दुकान बंद झालं तर मला परत ती फोनची नोकरी... तिथं समोरच्या माणसाचं ऐकायला वेळच नसायचा. तो बोलायच्या आत आपलं वाक्य संपवायचं, असंच शिकवलं होतं. मला वाटलं, विकायचं ते तसंच. मला ती नोकरी नको आहे, मामा. मला इथं आवडतं."

मामानं मान वर केली. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस."

"आत्ताही नाही विचारलं," मामा म्हणाला. "मी नाडी काढत होतो."

टकळीच्या हातातली नाडी तशीच लोंबत राहिली. तिनं बुटाकडे पाहिलं, मामाच्या हातांकडे पाहिलं, परत बुटाकडे पाहिलं.

"म्हणजे तू हळू ओवतोस ते मुद्दाम?"

"माणूस आधी जे बोलतो ते घरून ठरवून आणलेलं असतं," मामा म्हणाला. आज त्याला बोलायचं होतं असं दिसत होतं. "काळे द्या, टिकाऊ द्या. मग तो चालेल म्हणतो. ते आपल्याला बरं वाटावं म्हणून. समोरचा वाकून बसलाय, इतकी खोकी काढलीत, नाही कसं म्हणायचं. मग आपण गप्प बसून नाडी ओवायला लागलो की त्याला काय करावं कळत नाही. तेव्हा तो खरं बोलतो."

"आणि बिननाडीचे असतील तर?"

"तर धूळ पुसायची."

"धूळ नसली तर?"

"बुटांच्या दुकानात?"

टकळी हसली. मग मामानं तिला एक खेळ दिला. गिऱ्हाइकाचं बोलणं थांबलं की नाडी हातात घ्यायची. नाडी ओवून होईपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक मधेच बोललं तर ओवायचा वेग आणखी कमी करायचा. बस, एवढंच.

खेळ सोपा होता, आणि टकळीला तो फार जड गेला. पहिल्या दिवशी तिनं ओठ आत ओढून धरले होते, तेव्हा एका गिऱ्हाइकानं काळजीनं विचारलं, "दाढ दुखतेय का?" चावीवाला दुपारी डोकावून गेला. "आज तुमच्याकडे एवढं शांत कसं? टकळी रजेवर आहे?" टकळी मान हलवून नाडी ओवत राहिली, आणि तो आणखीच घाबरून निघून गेला.

मग एक बसचालक आला. "जाड सोलचे द्या, मजबूत," असं म्हणून त्यानं स्वतःच एक दणकट जोड उचलला, घातला आणि म्हणाला, "चालेल." टकळीच्या जिभेच्या टोकावर त्या बुटाचे गुण रांगेनं उभे होते. तिनं नाडी हातात घेतली. एक भोक, दुसरं भोक. बसचालकानं आरशात पाहिलं, छताकडे पाहिलं. नाडी अर्ध्यावर आली तेव्हा तो म्हणाला, "तसे मजबूत मागच्या वेळीही घेतले होते. मजबूतच असतात हो. पण त्यातून ब्रेक कळत नाही पायाला. दाबला किती, ते कळत नाही." आणि मग जरा थांबून, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "पातळच हवेत खरं तर."

टकळीनं नाडी तशीच सोडली आणि पातळ सोलचे आणले. ते परत आले नाहीत. त्या रात्री मामीकडे जेवायला थांबली तेव्हा तिनं हे मामीला इतक्या वेळा सांगितलं की मामी म्हणाली, "अगं, न बोलण्याबद्दल किती बोलशील?"

---

मामाची शस्त्रक्रिया नीट झाली. डोळ्यावर झाकण लावून तो घरी बसला आणि दोन दिवसांत घराला कंटाळला. मामीनं तडजोड केली. पडद्यामागची खोली तिनं स्वतः ओल्या फडक्यानं पुसून काढली, खुर्ची मांडली आणि मामाला तिथं बसवलं. वाकायचं नाही, बाहेर यायचं नाही. ती स्वतः शेजारी विणकाम घेऊन बसली, पहारा म्हणून.

"आजचा दिवस उघडं," तिनं टकळीला सांगितलं. "संध्याकाळी ठरवू, उद्यापासून किल्ली तुझ्याकडे की खुंटीला."

फळीवर आता थोडेच जोड होते, पण होते. टकळीनं ते पुसून सरळ लावले. दुपार उलटली आणि दारात सिस्टर उभ्या राहिल्या. येते म्हणून गेलेल्या, आणि खरोखर आलेल्या. बरोबर त्यांची मुलगी होती, पाठीवर दप्तर.

"माझं काही नाही आज," सिस्टर बसता बसता म्हणाल्या. "हिला शाळेचे हवेत. काळे, नाडीचे, शाळेत तसेच लागतात. जुन्यांची बघा काय दशा केलीय."

मुलीच्या पायातले बूट टाचेशी चेपून चपलांसारखे झाले होते. आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुलीनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

टकळीनं माप घेतलं आणि बरोबर बसतील असे बूट काढले. मुलीनं पाय आत घातला आणि म्हणाली, "मोठे द्या."

"वाढत्या अंगाला घेतेच मी एक बोट मोठे," आई म्हणाली.

"नाही, खूप मोठे."

खूप मोठे बूट घातले तर पाय आत घसरतो, टाच सोलते, चालणं बिघडतं, हे सगळं टकळीला ठाऊक होतं आणि सांगायला छान तीन-चार वाक्यंही तयार होती. पडद्याआड मामीच्या सुयांचा आवाज थांबला. टकळी स्टुलावर बसली, नाडी उचलली आणि पहिल्या भोकातून ओवली.

मुलगी तिचे हात बघत होती. एक भोक. दुसरं. टोकं सारखी केली. पुढचं.

"गाठ बांधलेलीच असली आणि बूट खूप मोठे असले," मुलगी हळूच म्हणाली, "तर नाडी न सोडता घालता येतात."

टकळीनं ओवायचा वेग कमी केला.

"सगळ्यांना नाडी बांधता येते. मला साधी गाठ येते, फुलाची येत नाही. खेळाच्या तासाला सुटली की बाई बांधून देतात, आणि मग सगळी बघतात."

"अगं, मला का नाही सांगितलंस?" सिस्टर म्हणाल्या.

"तू सकाळी नसतेस. आणि संध्याकाळी दमलेली असतेस."

सिस्टरनी मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि हात तिथंच राहू दिला.

टकळीनं नाडी पूर्ण ओवली. मग दोन्ही टोकं मुलीच्या हातात दिली आणि दुसरा बूट स्वतःच्या मांडीवर घेतला. "मी करते तसं कर. घाई नाही. चुकलं तर सोडायचं, नाडी रागावत नाही." तिनं साधी गाठ मारली. एका टोकाची पाकळी केली, चिमटीत धरली. दुसरं टोक तिच्याभोवती फिरवलं, खालच्या खिडकीतून आत ढकललं, पलीकडून ओढलं. दोन पाकळ्यांचं फूल झालं.

मुलीचं झालं नाही. तिनं सोडलं, परत सुरू केलं. पाकळी निसटली. टकळीनं तिच्या हाताला हात लावला नाही. समोरच्याच्या तोंडातून वाक्य काढून घेऊ नये, तसं हातातून कामही काढून घेऊ नये, हे मामाच्या पुढ्यात बसून नाड्या काढताना ती शिकली होती. ती आपली नाडी सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. दुकानात शांतता होती.

त्या शांततेत सिस्टर बोलू लागल्या.

"तुमच्या त्या बुटांचं मला वाईट वाटत होतं. माप अगदी बरोबर होतं हो. पहिलंच."

टकळीनं मान वर केली आणि हातातली गाठ आणखी सावकाश सोडली.

"दुपारी वॉर्डात पेशंटचा डोळा लागतो. काहीजण रात्रभर कण्हत असतात, तेव्हा कुठं जरा झोप येते. मी खाटेजवळून गेले की बूट चुईं करतो. फरशी गुळगुळीत, त्यात पुसलेली ओली. चुईं झालं की तो माणूस डोळे उघडतो आणि माझ्याकडे बघतो. रागानं नाही, नुसता बघतो. मग मी चवड्यांवर चालते. दिवसभर असं चालल्यावर पाय भरून येणारच."

वॉर्डात जरा आवाज. टकळीला ते अर्धं वाक्य आता पूर्ण ऐकू आलं. इतके दिवस ते तिच्याच बोलण्याखाली दबून पडलं होतं.

"इथं चालून बघितलं तेव्हा तर काहीच आवाज आला नव्हता," सिस्टर म्हणाल्या.

टकळीनं पायाखाली पाहिलं. गालिच्याचा पट्टा. ती उठली आणि तो गुंडाळू लागली. मग कोपऱ्यातली बादली आणून तिनं उघड्या फरशीवर ओलं फडकं फिरवलं. सिस्टर बघत राहिल्या. माहेरच्या फळीवरून टकळीनं नाचाच्या बाईंचे पांढरे बूट उचलले, त्यावरून तसलेच सिस्टरच्या मापाचे शोधले, स्टुलावर बसली आणि नाडी ओवू लागली.

"असेच बूट कुणीतरी परत केलेत," नाडी संपल्यावर ती म्हणाली. "यांचा आवाज होत नाही, अशी तक्रार होती."

सिस्टरनी बूट घातले आणि ओल्या फरशीवरून आरशापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या.

"मामा," टकळीनं पडद्याकडे तोंड करून विचारलं, "कसे वाटले?"

"काय कसे?"

"सिस्टर चालल्या ना आत्ता. आरशापर्यंत, आणि परत."

पडद्याआड जरा वेळ गेला. "कधी?" मामानं विचारलं.

सिस्टर हसल्या. हसता हसता त्यांनी पुन्हा एकदा फेरी मारली, या वेळी मुद्दाम जोरात पाय टाकत, आणि मग बाकावर बसून म्हणाल्या, "चालेल."

टकळीचा हात खोक्याकडे गेला आणि तिथंच थांबला. तिनं तो मागे घेतला आणि बुटावर नसलेली धूळ पुसायला घेतली.

"नाही, खरंच," सिस्टर म्हणाल्या. "हेच हवे होते मला. पहिल्या दिवसापासून हेच."

"झालं," मुलगी म्हणाली.

दोघींनी वळून पाहिलं. बुटावर फूल होतं. एक पाकळी लांब, दुसरी आखूड, पण फूल होतं. बूट मात्र मापाचेच होते. मुलीनं ते पायात ठेवूनच घरी जायचं ठरवलं, आणि दाराबाहेर पडल्यावर पायरीवर बसून नाडी सोडली, मुद्दाम, परत बांधता यावी म्हणून. आई शेजारी उभी राहून वाट बघत होती. तिला कुठं जायची घाई दिसत नव्हती.

---

संध्याकाळी टकळीनं गालिचा तसाच गुंडाळून आत ठेवला. यापुढे गिऱ्हाइकांनी फरशीवरही चालून बघायचं, असं तिनं ठरवलं होतं आणि त्याची कारणं ती मामीला सांगत होती. मामी विणकाम पिशवीत भरत होती.

"सगळं ऐकलं मी," मामी म्हणाली. "तू बोलत नव्हतीस तेही ऐकलं. कानांना सवय नाही, जरा दडेच बसले." मग ती मामाकडे वळली. "अहो, मग काय ठरलं? उद्यापासून दुकान उघडायचं का?"

पडदा आता बाजूला सारला होता आणि मामा आत खुर्चीत बसला होता. झाकण लावलेला डोळा भिंतीकडे, उघडा डोळा माहेरच्या फळीकडे. त्याच्या मांडीवर नवीन आलेल्या मालातला एक बूट होता आणि त्याची नाडी तो चाचपडत काढून ठेवत होता.

"बघू," तो म्हणाला.

मामी कपाळाला हात लावणार होती. टकळीनं मात्र काही विचारलं नाही. तो शब्द मामानं कसा म्हटला, ते तिनं ऐकलं. घाई नव्हती त्यात, आणि काळजीही नव्हती. दिवस सरल्यावर माणूस पाय लांब करून बसतो, तसा तो शब्द बसला होता. शिवाय शब्द संपल्यावर मामाची बोटं पुन्हा नाडीकडे गेली होती, आणि उद्या दुकान बंद असेल तर आज नाडी कोण काढून ठेवतो?

तिनं जराशी वाट पाहिली. मामानं पुढच्या भोकातून नाडी ओढून काढली. मग ती उठली, खुंटीवरची किल्ली काढली आणि आपल्या पिशवीत टाकली.

"सकाळी लवकर येते," ती म्हणाली.

आणि ती खरोखर आली.